मोठं लाकूड कातायला लेथ घेताय? ‘स्विंग’च्या आकड्याला भुलू नका!

मोबाईल घेताना आपण आधी मेगापिक्सल बघतो ना, तसे लेथ घेणारे आधी ‘स्विंग’ बघतात. स्विंग म्हणजे बेडला न घासता जास्तीत जास्त किती व्यासाचं लाकूड फिरू शकतं, तो आकडा.

माझा मामा सावंतवाडीत लाकडी खेळणी कातून विकतो. त्याचा लेथ १२ इंची. गेल्या वर्षी त्याने त्यावर फणसाचा ११ इंची ठोकळा लावला. मशीन चालू केलं आणि दोन मिनिटांत ठोकळा सुटून भिंतीवर आदळला. मामा बाजूला उभा होता म्हणून वाचला. त्या लेथचा सगळ्यात कमी वेगच ९०० आरपीएम होता!

पुढे १६ इंची काठवटींची ऑर्डर आली. “तू इंजिनिअर ना, जरा बघून सांग,” मामा म्हणाला. मी कोड लिहिणारा माणूस, लेथ पाहिला तो फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये. पण गणित तर करता येतं.

कातारी लोकांचा एक ढोबळ नियम आहे: व्यास (इंचात) गुणिले आरपीएम हे ६,००० ते ९,००० च्या मध्ये ठेवायचं. म्हणजे १६ इंचांना साधारण ३७५ ते ५६० आरपीएम. आणि हे गोल झालेल्या लाकडासाठी. ओबडधोबड ठोकळा याहून बराच हळू सुरू करावा लागतो. कारण एका बाजूला २०० ग्रॅम वजन जास्त असेल, तर केंद्रापासून २० सेंटीमीटरवर ५०० आरपीएमला ते साधारण ११ किलोचा झटका देतं. वेग दुप्पट केला की झटका चौपट, म्हणजे ४५ किलोच्या आसपास.

मामाने पसंत केलेला लेथ १८ इंची आणि स्वस्त होता, पण त्याचा किमान वेग ६५०. मी सरळ नाही म्हटलं.

किमान वेग १०० च्या खाली हवा. त्यासाठी व्हीएफडी लागतो, म्हणजे मोटरला मिळणाऱ्या विजेची फ्रिक्वेन्सी बदलून वेग कमी-जास्त करणारं यंत्र. घरच्या सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणारे व्हीएफडीही मिळतात. पण नुसत्या व्हीएफडीने वेग उतरवला की मोटरची पॉवरही उतरते, आणि पटाशी जरा दाबली की लाकूड थांबतं. म्हणून सोबत पट्टा बदलायच्या पुल्या हव्यातच. पट्टा मोठ्या पुलीवर टाकला की वेग कमी, टॉर्क जास्त.

दुकानात टेप घेऊन जा. हत्यार टेकवायच्या आधाराचा पाया बेडवर असतो, तिथे स्विंग दोन-तीन इंचांनी कमी भरतो. आणि मशीन जड बघा, हलकं मशीन थरथरतं.

शेवटी मामाने १८ इंची, २ एचपी, किमान ६० आरपीएमचा लेथ घेतला आणि काँक्रीटमध्ये बोल्टने पक्का केला. चेहऱ्यावर फेस शील्ड मी स्वतः नेऊन दिली. जुना लेथ विकला नाही, खेळणी अजून त्यावरच होतात.