कंपायलर पुढे, माहितीपुस्तिका मागे

सी भाषेतील एखादा जुना प्रोग्रॅम कालपर्यंत बिनतक्रार चालतो आणि नव्या संगणकावर कंपाइलच होत नाही. कुर्ला पश्चिमेच्या डॉन बॉस्को इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत किंवा मुंबई विद्यापीठाशी संलग्न अन्य महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे कोडे पडू शकते. त्याचे उत्तर अनेकदा माहितीपुस्तिकेतील एका ओळीत असते. मात्र ती ओळ अद्ययावत हवी.

जीसीसी हा मुक्त कंपायलर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. भाषेची कोणती आवृत्ती वापरायची, हे आज्ञा देताना सांगितले नाही, तर तो स्वतःच एक निवडतो. ही निवड २०१५ पर्यंत ‘जीएनयू९०’ होती. पाचव्या आवृत्तीत ती ‘जीएनयू११’, २०१८ च्या आठव्या आवृत्तीत ‘जीएनयू१७’ आणि २०२५ च्या पंधराव्या आवृत्तीत ‘जीएनयू२३’ झाली. या शेवटच्या बदलाने ‘बूल’ हा भाषेचा राखीव शब्द बनला. तेव्हा ‘टाइपडेफ इंट बूल’ असे लिहिणारे जुने प्रोग्रॅम अडले. आज्ञेत ‘-एसटीडी=जीएनयू१७’ हा पर्याय जोडला की ते पुन्हा चालतात; पण वर्षानुवर्षे झेरॉक्स होत आलेल्या नोट्समध्ये हे कोठून सापडणार?

अडचणीचे मूळ कंपायलरच्या रचनेत आहे. जीसीसीत पर्यायाची नोंद एका फाइलमध्ये होते, तर त्याचे सविस्तर वर्णन ‘इन्व्होक.टेक्सी’ या भल्यामोठ्या फाइलमध्ये हाताने लिहावे लागते. बारावी आवृत्ती (२०२२) हे याचे बोलके उदाहरण. पूर्वी ‘-ओ३’ या पातळीला मिळणारे व्हेक्टरायझेशन तीत मर्यादित स्वरूपात ‘-ओ२’ पातळीवरही सुरू झाले. म्हणजे दोन्ही पातळ्यांच्या याद्या आणि त्या-त्या पर्यायाचे स्वतंत्र वर्णन, सर्वच ठिकाणी दुरुस्ती आली. पर्यायाला मदतीची ओळ नसेल तर स्वयंचलित चाचणी ते दाखवून देते. असलेली ओळ खोटी ठरली आहे, हे मात्र तिला कळत नाही.

क्लँग या कंपायलरने निराळा मार्ग धरला. तेथे पर्यायांची यादी मूळ नोंदीतूनच आपोआप तयार होते. यादी त्यामुळे पूर्ण असते, पण कित्येक पर्यायांपुढे स्पष्टीकरणाचा शब्दही नसतो. शिकणाऱ्याला तिचा उपयोग बेताचाच.

कुर्ल्याहून फार दूर नसलेल्या पवईत, आयआयटी मुंबईच्या जीसीसी रिसोर्स सेंटरने प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने हा कंपायलर आतून समजावणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. कंपायलरला त्याच्या मधल्या पायऱ्या छापायला लावून त्या तपासण्यावर तेथे भर असे. पर्यायांबाबतही तसेच करता येते. ‘-क्यू --हेल्प=ऑप्टिमायझर्स’ यासोबत ‘-ओ२’ दिले की कोणते पर्याय चालू आहेत, हे कंपायलरच सांगतो; आणि नेमकी यादी हवी असल्यास हाच उपाय करावा, असे जीसीसीची माहितीपुस्तिकाही सुचवते. प्रत्येक आवृत्तीची पुस्तिका प्रकल्पाच्या संकेतस्थळावर स्वतंत्रपणे ठेवलेली आहे. ‘जीसीसी --व्हर्जन’ या आज्ञेने जो क्रमांक दिसेल, त्याच क्रमांकाची पुस्तिका उघडावी.