मालवणच्या उथळ पाण्यात

इंदूरच्या कान्ह नदीचे पाणी क्षिप्रा, चंबळ, यमुना आणि गंगा असा दीर्घ प्रवास करून अखेर पूर्वसमुद्रास मिळते. परंतु येथील मराठी कुटुंबे समुद्रदर्शनास निघाली, की बहुधा पश्चिमेचाच मार्ग धरतात. त्यांपैकी जे मालवणास जातात, त्यांनी शिवछत्रपतींनी 1664 साली कुरटे बेटावर बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग तर पाहावाच, पण त्याच्या तटाखाली जी जिवंत सृष्टी पसरली आहे तिच्यासाठीही एक अख्खा दिवस राखून ठेवावा.

होडी पहाटे, वारा उठण्यापूर्वी सोडावी. कर्ली नदी देवबागेपाशी समुद्रास मिळते, त्या परिसरात गाबीत मच्छीमार ज्यास ‘गादा’ म्हणतात तो डॉल्फिन दिसण्याचा संभव असतो. पाठीवर कुबड असलेली ही जात किनाऱ्यालगतचे उथळ पाणी सहसा सोडीत नाही, आणि मस्तकावरील नासिकाछिद्राने श्वास घेण्यासाठी तिला वारंवार वर यावेच लागते, म्हणून यंत्र बंद करून स्वस्थ बसणाऱ्यास जे दर्शन घडते ते पाठलाग करणाऱ्यास घडत नाही. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुडही कधी याच वेळी मासळीवर टेहळणी करताना आढळतो.

सूर्य वर आला, म्हणजे उजेड पाण्यात खोलवर उतरतो. स्नॉर्केलिंगची वेळ ती. डोळे व नाक झाकणारा काचेचा मुखवटा, तोंडात धरावयाची नळी आणि अंगावर लाइफ जॅकेट, एवढ्या सामग्रीवर पालथे तरंगत राहिले, की खडपांवर वाढलेले प्रवाळ आणि पिवळसर अंगावर काळे पट्टे मिरवणारे मासे दिसू लागतात. प्रवाळ म्हणजे चुनखडीची घरे बांधून वसाहतीने राहणारे इवले प्राणी. त्यांच्या देहात सूक्ष्म शैवाल वस्तीस असते, ते सूर्यप्रकाशावर अन्न सिद्ध करून यजमानास पोसते, आणि रंगही बहुतांशी त्याचाच. पाणी फाजील तापले, की हा सहवास मोडतो, शैवाल बाहेर पडते, प्रवाळ पांढरे पडते आणि ही अवस्था लांबली तर उपासमारीने मरते.

1987 साली सरकारने येथील 29.12 चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केले. त्या हद्दबंदीस मच्छीमारांनी हरकत घेतली. तीत पोटाचा प्रश्न होता, म्हणून ती मला समजते. परंतु हौसेने आलेल्या पर्यटकास अशी कोणतीही सबब नाही. दमल्यावर प्रवाळावर पाय टेकणे किंवा मासे जमावेत म्हणून पावाचे तुकडे फेकणे मला अक्षम्य वाटते. 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असलेल्या प्रवाळाचा तुकडा खिशात घालणे, हा तर सरळ गुन्हाच.

पावसाळ्यात या फेऱ्या बंद असतात. त्यानंतरही नद्यांचा गाळ बसावयास अवधी लागतो, म्हणून हिवाळा उत्तम; मात्र लक्षद्वीपसारखे नितळ पाणी तेव्हाही अपेक्षू नये. होडी ठरविताना भाड्याची घासाघीस करण्याआधी तांडेलास नांगर कोठे टाकणार ते विचारावे, आणि जो खडप टाळून वाळूवर टाकतो त्यास दोन पैसे अधिक द्यावेत.