लिंबू कापते ते ताकदीने नव्हे

शिवजयंतीच्या मिरवणुकीत मर्दानी खेळाचे रिंगण धरले जाते. जमिनीवर ठेवलेल्या लिंबाचे दांडपट्ट्याच्या एका फटक्यात दोन तुकडे होतात. पाहणाऱ्याला वाटते, केवढी ही ताकद! प्रत्यक्षात इथे ताकद थोडीच लागते. अचूकता मात्र पुरेपूर लागते.

रत्नागिरीतल्या कुठल्याही स्वयंपाकघरात विळीवर मासळी कापताना पाहा. बांगडा पात्यावर नुसता दाबला तर चेंगरतो; दाबतानाच पुढे सरकवला की सहज कापला जातो. धार जितकी बारीक, तितका आपला जोर कमी जागेवर एकवटतो. शिवाय पाते सरकले की तंतू ताणले जाऊन लवकर तुटतात आणि कमी जोर पुरतो. तलवारीचा बाक हेच सरकणे सोपे करतो.

जपानी तलवारबाजीत या कौशल्याच्या परीक्षेला ‘तामेशिगिरी’ म्हणतात. पूर्वी अशी परीक्षा तलवारीची असे, त्यासाठी देहदंड दिलेल्या गुन्हेगारांचे मृतदेहही वापरले जात. आज भिजवलेल्या गवती चटईची गुंडाळी उभी करतात आणि परीक्षा होते ती हाताची. वार ज्या दिशेने जातो, नेमक्या त्याच दिशेला धार असावी लागते. ती जरा तिरपी झाली तरी पाते अडकते, कधी वाकते. कापलेला भाग सपाट असेल तर वार सरळ. खोलगट असेल तर हात मध्येच वळला, असे गुरू ओळखतात.

आपल्या दांडपट्ट्याचे पाते लांब आणि लवचीक. हात कोपरापर्यंत लोखंडी खोबणीत असल्याने मनगट मोकळे फिरत नाही. दिशा सांभाळायची ती कोपर आणि खांद्याने. 2024 मध्ये राज्य सरकारने त्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला, त्यामुळे तो शिकण्याची हौस वाढली तर नवल नाही.

नवशिका मूठ गच्च आवळतो. त्याने हाताचे स्नायू लवकर थकतात, धार भरकटते आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे मागे लागू शकते. म्हणून आधी लाकडी शस्त्राने सराव करावा, खांदे मोकळे करून घ्यावेत आणि हात थकला की थांबावे.

खरा धोका आहे तो कुणाच्या तळहातावर किंवा मानेवर लिंबू ठेवून कापण्यात. लिंबू आणि त्वचा यांत अंतर उरत नाही. बोटे हलवणारे स्नायुबंध, नसा आणि रक्तवाहिन्या त्वचेच्या अगदी जवळ असतात. मुलांना तर अशा प्रयोगासाठी कधीच उभे करू नये. लिंबू जमिनीवर किंवा खुंटीवर ठेवले तरी कौशल्य तेच दिसते.

जखम झालीच तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. दहा मिनिटे उचलून पाहू नका. हळद, चुना भरू नका. बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर जखम लहान दिसली तरी लगेच रुग्णालय गाठा. धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. बोट तुटले तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका.

परसात नारळ सोलताना कोयता निसटला, तरी उपाय हाच.