बचत गटाच्या हिशेबातले रंग पुढच्या महिन्याच्या शीटमध्ये कसे न्यायचे? डॉलरचं एक चिन्ह चुकलं तर हप्ता भरलेली बाईही थकीत दिसते

गावोगावच्या महिला बचत गटांचा हिशेब आता वहीसोबत मोबाईलवरही ठेवला जातो. गूगल शीट्समध्ये यादी करायची, हप्ता कमी आला की ती ओळ आपोआप लाल व्हायची, म्हणजे बैठकीत कोणाचं राहिलंय ते लगेच कळतं. या आपोआप येणाऱ्या रंगाला 'कंडिशनल फॉरमॅटिंग' म्हणतात. जुलैच्या शीटमध्ये हे सगळं नीट चालतं. अडचण येते ती ऑगस्टची शीट करताना. कुणी आकड्यांसकट सगळं चिकटवून टाकतं, तर कुणाचे रंग भलत्याच ओळीवर जातात. नेमकं काय करायचं, ते पाहूया.

रंग म्हणजे नियम

चौकटीला हाताने दिलेला रंग तसाच राहतो. कंडिशनल फॉरमॅटिंगचा रंग मात्र एका नियमावर चालतो. समजा, गटात 12 सदस्य आहेत. ए रकान्यात नाव, बी मध्ये कर्ज, सी मध्ये महिन्याचा हप्ता आणि डी मध्ये भरलेली रक्कम. पहिल्या ओळीत मथळे, नावं दुसऱ्या ओळीपासून तेराव्यापर्यंत. नियम असा: =$डी2<$सी2, म्हणजे भरलेली रक्कम हप्त्यापेक्षा कमी असेल तर ओळ लाल कर. (शीटमध्ये रकान्यांची अक्षरं इंग्रजीतच टाकायची.) हप्ता 1100 आणि भरले 500, तर ओळ लाल. पूर्ण 1100 भरले की रंग जातो. काहीच भरलं नसेल तर रिकामी चौकट शून्य धरली जाते, त्यामुळे तीही ओळ लाल होते.

रंग कॉपी करायचा म्हणजे हा नियम दुसऱ्या जागी न्यायचा, आकडे न्यायचे नाहीत.

मोबाईलवर सगळ्यात सोपा मार्ग

नव्या महिन्यासाठी रंग वेगळे कॉपी करत बसू नका, अख्खी शीटच डुप्लिकेट करा. खाली 'जुलै' लिहिलेल्या टॅबवर टॅप करून मेनू उघडा आणि 'डुप्लिकेट' निवडा. नव्या टॅबचं नाव 'ऑगस्ट' करा आणि फक्त डी रकान्यातले आकडे पुसा. नियम जसाच्या तसा सोबत येतो. आकडे पुसताच सगळ्या ओळी लाल होतील. घाबरू नका, अजून कुणी भरलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

नवे सदस्य आले तर

यादीच्या मध्ये ओळ घातली तर नियम बहुतेक वेळा आपोआप वाढतो. शेवटच्या नावाखाली नवं नाव लिहिलं तर मात्र नियम तिथपर्यंत पोचलेला नसू शकतो, आणि त्या सदस्याने हप्ता बुडवला तरी ओळ पांढरीच राहते. त्यासाठी रंगीत चौकट निवडा, वरच्या फॉरमॅटच्या खुणेवर टॅप करा, 'कंडिशनल फॉरमॅटिंग' उघडा आणि नियम निवडून त्याची रेंज वाढवा. ए2 ते डी13 असेल तर ए2 ते डी20 करा.

कॉम्प्युटरवर

ग्रामपंचायतीत किंवा सेवा केंद्रात कॉम्प्युटरवर काम करत असाल तर रंग असलेल्या चौकटी कॉपी करा, नवीन जागा निवडा, 'एडिट' मध्ये 'पेस्ट स्पेशल' आणि त्यात फक्त कंडिशनल फॉरमॅटिंगचा पर्याय घ्या. साधं पेस्ट केलं तर जुलैचे आकडे ऑगस्टच्या आकड्यांवर बसतात. तसं झालंच तर लगेच 'अनडू' करा. फाईल बंद केली असली तरी 'व्हर्जन हिस्टरी' मधून जुनी प्रत परत आणता येते.

एक्सेलमध्ये 'होम' टॅबवर ब्रशचं चित्र असतं, त्याला 'फॉरमॅट पेंटर' म्हणतात. रंगाची चौकट निवडून ब्रशवर क्लिक करायचं आणि नव्या चौकटींवरून फिरवायचं. बऱ्याच ठिकाणी न्यायचं असेल तर ब्रशवर डबल क्लिक करा, काम झालं की 'एस्केप' दाबा. वारंवार कॉपी केल्याने एकाच नियमाचे तुकडे होतात. ते 'मॅनेज रूल्स' मध्ये दिसतात, जादाचे काढून टाका.

सगळ्यात जास्त चुका इथे होतात

डॉलरचं चिन्ह म्हणजे खुंटी. $डी म्हणजे रकाना खुंटीला बांधला, ओळ मात्र मोकळी. म्हणून प्रत्येक ओळ आपापलाच हप्ता तपासते.

* डॉलर विसरला (डी2<सी2), तर बी रकान्यातली चौकट ई आणि डी ची तुलना करते. ई रिकामा असतो, त्यामुळे हप्ता पूर्ण भरलेल्या बाईच्या ओळीतही लाल दिसतं.
* दोन्हीकडे डॉलर लावला ($डी$2<$सी$2), तर सगळ्या ओळी पहिल्याच सदस्याकडे बघतात. तिने भरलं की बाकी 11 जणींची थकबाकी झाकली जाते.
* रेंज तिसऱ्या ओळीपासून आणि सूत्रात 2 असेल, तर प्रत्येक ओळ वरच्या शेजारणीचा हप्ता तपासते. एकीची बाकी दुसरीच्या नावावर दिसते.

आणखी एक गोष्ट. भरलेल्या रकमेत '500 रु.' असं लिहू नका, नुसतं 500 लिहा. अक्षरं आली की शीट त्याला आकडा मानत नाही, आणि हप्ता अपुरा असूनही ओळ लाल होत नाही. चौकटीत आकडा सहसा उजवीकडे आणि मजकूर डावीकडे चिकटलेला दिसतो, त्यावरून ओळखता येतं.

बैठकीआधी दोन मिनिटं तपासा

रंग नेल्यावर पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या नावासमोर मुद्दाम कमी रक्कम टाका. तीच ओळ लाल झाली पाहिजे, शेजारची नाही. मग पूर्ण रक्कम टाका, रंग गेला पाहिजे. तिन्ही ठिकाणी जमलं की चाचणीचे आकडे पुसा.

नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब ही बचत गटाची पंचसूत्री. चारचौघींत नाव थकीत म्हणून वाचलं गेलं आणि नंतर चूक शीटची निघाली, तर गेलेला विश्वास 'अनडू' करता येत नाही. म्हणून लाल ओळ दिसली तरी नाव वाचण्याआधी सहीची वही उघडून एकदा ताळा करावा.