स्टेंटनंतरची छातीदुखी : कारणमीमांसा व निदानाची दिशा

प्रस्तावना : ठाकूरद्वार परिसरातील अनेक जुन्या चाळींत उद्वाहक नाही, तिसऱ्या मजल्याचा जिना हीच तेथील हृदयरुग्णाची रोजची परीक्षा ठरते. अँजिओप्लास्टीनंतर काही महिन्यांनी जिना चढताना छाती पुन्हा दाटून आली, की ‘स्टेंट बंद पडला’ असा निष्कर्ष घरीच काढला जातो. प्रत्यक्षात या वेदनेची कारणे अनेक आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी : १९७७ मध्ये झुरिक येथे ग्रुन्टझिग यांनी फुग्याच्या साहाय्याने हृदयधमनी रुंद केली. रुंदावलेली धमनी पुन्हा आकसू नये म्हणून १९८६ पासून स्टेंटचा वापर सुरू झाला. भारतात फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर कमाल मर्यादा आली.

कारणे : वेदना केव्हा उद्भवते, यावरून कारणाचा अंदाज येतो.

१) पहिले काही दिवस : धमनी ताणली गेल्याने सौम्य वेदना जाणवते व ती ओसरते. मात्र स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका पहिल्या महिन्यात सर्वाधिक असतो. अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेलसारखी औषधे परस्पर बंद केल्यास तो वाढतो. दात काढण्यासारख्या कारणासाठीही हृदयतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ती थांबवू नयेत.

२) सुमारे तीन ते बारा महिने : स्टेंटच्या आत ऊतींची वाढ होऊन मार्ग पुन्हा अरुंद होतो. साध्या धातूच्या स्टेंटमध्ये हे प्रमाण साधारण २० ते ३० टक्के होते. औषधलेपित स्टेंटमुळे ते बहुधा १० टक्क्यांच्या खाली आले.

३) त्यानंतर : अन्य धमन्यांत नवे अडथळे निर्माण होऊ शकतात.

याखेरीज धमनीचे आकुंचन व सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा विकार ही कारणे कोणत्याही टप्प्यावर संभवतात. अँजिओग्राफी निर्दोष असूनही वेदना राहते ती यांमुळेच. आम्लपित्त, स्नायूंचे दुखणे व चिंता यांचाही विचार करावा लागतो.

निदान : श्रमाने वाढणारी व विश्रांतीने थांबणारी वेदना हृदयाकडे निर्देश करते, दाबल्यावर दुखणारी जागा बहुधा स्नायूंकडे. ईसीजी, ताणचाचणी व आवश्यक तेव्हाच पुन्हा अँजिओग्राफी, असा क्रम सामान्यतः योग्य ठरतो. विश्रांतीतही न थांबणारी, घाम वा धाप यांसह येणारी वेदना मात्र तातडीची समजून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

निष्कर्ष : स्टेंट हा धमनीच्या काही सेंटिमीटर भागावरील उपचार आहे, धमनीकाठिण्य हा संपूर्ण शरीराचा विकार आहे. म्हणून रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल व तंबाखू यांवरील नियंत्रण स्टेंटनंतरही तितकेच अनिवार्य ठरते.