गडचिरोलीहून तीन दिवसांची सुट्टी: मुंबई सोडा, हैदराबाद धरा

ज्यांना एसटीत बसल्यावर नेटवर्क मिळत नाही आणि ऑडिओ मध्येच अडकतो, त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा भाग लिहून काढलाय. बोलताना जे दहादा "म्हणजे, म्हणजे" झालं ते कापलंय, बाकी तसंच आहे.

गडचिरोलीच्या एका श्रोतीचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, २०२६ मध्ये २ ऑक्टोबर शुक्रवारी येऊन राहिला. शुक्र, शनि, रवि, तीन दिवस सुट्टी. पगारातून थोडे पैसे साठवलेत. आईला मोठं शहर दाखवायचंय, ती नागपूरच्या पुढे कधी गेलीच नाही. मुंबईचा प्लॅन सांग ना."

मी तिला मुंबईचा प्लॅन दिला नाही. हैदराबादचा दिला. काहून, तेच आज सांगतो, कारण हा प्रश्न आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या बऱ्याच जणांचा आहे.

आपण शहर निवडतो ते सिनेमा आणि इन्स्टा बघून. पण तीन दिवसांच्या सुट्टीत खरी मोजायची गोष्ट एकच: त्या शहरात जागेपणी, पाय मोकळे ठेवून किती तास मिळणार? बल्लारशाहून मुंबई रेल्वेनं नऊशे किलोमीटरच्या आसपास. गाडीत पंधरा तासांच्या वर जातात, शिवाय गडचिरोलीहून बल्लारशापर्यंतचे वेगळे. जाऊन-येऊन दीड दिवस गाडीतच. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण सुरू झाला, ७०१ किलोमीटर, हे खरं. पण तो सुरू होतो नागपुरात, आपल्याला आधी नागपूर गाठावं लागतं. विमानाचंही तेच, वर लाँग वीकेंडचं भाडं.

आता उलटं बघा. बल्लारशा ते सिकंदराबाद साधारण ३६६ किलोमीटर. नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत १६ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली. ती मंगळवार सोडून रोज असते, चंद्रपूरला आणि बल्लारशालाही थांबते. सकाळी साडेसातच्या आसपास चंद्रपूरला बसलात की दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सिकंदराबाद. पाच तास. इतक्या वेळात मुंबईची गाडी विदर्भातून बाहेरही पडलेली नसते.

आणि हैदराबाद आपल्याला परकं कधी नव्हतंच. काजीपेट-बल्लारशा लोहमार्ग १९२९ मध्ये पूर्ण झाला, तो निजामाच्या रेल्वेनं. आपला राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. सिरोंच्यात अर्ध्या घरांत तेलुगू चालते. तिथल्या दक्खनीत तर "हौ" आणि "नक्को" ऐकलं की वाटतं, आपल्याच बाजारात उभे आहोत.

बरं, आता तिकीट. इथे थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात.

रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. २ ऑक्टोबरचं तिकीट ३ ऑगस्टला सकाळी आठ वाजता उघडेल. ४ ऑक्टोबरच्या रात्रीच्या परतीचं ५ ऑगस्टला. दोन्ही तारखांचे अलार्म आजच लावून टाका. आयआरसीटीसीच्या खात्याला आधार जोडून ठेवा. तत्काळसाठी तर ते लागतंच, बुकिंग उघडल्याबरोबर तिकीट काढतानाही लागतं.

दुसरी गोष्ट वेटिंगची. एकाला "वेटिंग ४०" आणि दुसऱ्याला "वेटिंग ८" दिसलं, तर आठवाल्याचं आधी कन्फर्म होईल असं वाटतं ना? तसं नसतं. प्रत्येक गाडीतल्या जागा वेगवेगळ्या कोट्यांत वाटलेल्या असतात आणि प्रत्येक कोट्याची रांग वेगळी. दिल्लीहून हैदराबादला जाणाऱ्या गाडीत जो दिल्लीला बसतो, त्याची रांग जीएनडब्ल्यूएल. ती सर्वांत मोठी, तिच्यात तिकिटं रद्दही जास्त होतात, म्हणून ती भराभर सरकते. बल्लारशासारख्या मधल्या स्टेशनवरून बसणाऱ्याला बहुतेक वेळा आरएलडब्ल्यूएल किंवा पीक्यूडब्ल्यूएल मिळतं. तिथे कोटाच छोटा. त्या छोट्या कोट्यातल्या कुणी तिकीट रद्द केलं तरच तुमचा नंबर पुढे येतो. मागे दिल्लीच्या पन्नास लोकांनी रद्द केलं तरी तुम्हाला काही उपयोग नाही. आमच्या कामात याला वेगवेगळ्या क्यू म्हणतात: आकडा बघण्याआधी कोणत्या क्यूमध्ये उभे आहात ते बघायचं. म्हणून तिकिटावरच्या आकड्याआधीची अक्षरं वाचा. आणि ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगमध्येच राहिलं, तर ते आपोआप रद्द होतं. ते दाखवून गाडीत चढता येत नाही.

यावर एक कायदेशीर उपाय आहे. चंद्रपूर, बल्लारशा आणि नागपूर, तिन्हीकडून उपलब्धता तपासा. कधीकधी बल्लारशाहून जागा नसते पण नागपूरहून असते. तेव्हा तिकीट नागपूरहून काढायचं आणि चढण्याचं स्टेशन बल्लारशा टाकायचं. थोडे पैसे जास्त जातात, पण बर्थ मिळतो. फक्त एकदा बोर्डिंग बदललं की मूळ स्टेशनवरून चढायचा हक्क जातो, हे विसरू नका.

वंदे भारतमध्ये ही झंझट कमी. स्लीपरपेक्षा तिचं तिकीट बरंच महाग आहे, तरी मी जाताना तीच घ्या म्हणेन. येताना मात्र नको. ती सिकंदराबादहून दुपारी एकच्या सुमारास निघते, म्हणजे रविवारचा सगळा दिवस खाऊन टाकते. परतीला दक्षिण एक्सप्रेससारखी रात्रीची गाडी बघा. रात्री उशिरा निघून पहाटे बल्लारशाला सोडते, रविवार तुमचा राहतो.

गडचिरोलीवाल्यांसाठी वेगळं: पहाटेच्या एसटीच्या भरवशावर सकाळची वंदे भारत पकडायचा जुगार खेळू नका. गुरुवारी संध्याकाळीच चंद्रपूरला या, नातेवाइकांकडे नाहीतर लॉजवर मुक्काम करा. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहेच. वडसावाल्यांना गोंदिया-बल्लारशा लाइन आहे. आणि सिरोंचावाल्यांनी उलटं चंद्रपूरला यायची काहीच गरज नाही. प्राणहितेचा पूल ओलांडून मंचेरियाल गाठा, तिथे हैदराबादकडच्या गाड्या मिळतात.

तिकिटावर अजून एक गोष्ट वाचायची, उतरायचं स्टेशन. हैदराबादला सिकंदराबाद, नामपल्ली (तिकिटावर नुसतं "हैदराबाद" लिहितात), काचिगुडा आणि २०२५ मध्ये नव्यानं उघडलेलं चर्लापल्ली अशी चार मोठी स्टेशनं आहेत. चर्लापल्ली शहराच्या एका टोकाला, तिथे मेट्रो नाही. रात्रीच्या परतीची गाडी तिथून असेल तर निघताना एक तास जास्तीचा धरा.

हॉटेल नामपल्ली किंवा लकडीकापूलच्या आसपास घ्या. दोन्ही मेट्रोच्या लाल मार्गावर आहेत. हायटेक सिटीत चकाचक खोली स्वस्त दिसते, पण तुम्हाला जे बघायचंय ते सगळं दुसऱ्या बाजूला आहे. रोजचे दोन तास ट्रॅफिकमध्ये जातील.

आता फिरायचं काय? बहुतेक जण आधी ठिकाणांची यादी करतात आणि मग ती दिवसांत कोंबतात. मी आधी बंद दिवस लिहितो. ताडोबाचा कोअर मंगळवारी बंद असतो हे आपल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, तरी बाहेरचे पर्यटक मंगळवारी मोहर्ली गेटवर येऊन उभे राहतातच ना? परक्या शहरात आपण नेमके तेच पर्यटक असतो.

तर हैदराबादचं लिहून घ्या. सालारजंग म्युझियम शुक्रवारी बंद. चौमहल्ला पॅलेसही शुक्रवारी बंद. नेहरू झू सोमवारी बंद. आणि आपला पहिला दिवस नेमका शुक्रवार! चारमिनारजवळच्या मक्का मशिदीत शुक्रवारी दुपारच्या नमाजाची मोठी गर्दी असते. म्हणून शुक्रवारी जुन्या शहराकडे वळूच नका. नुसता हा एक बदल केला तरी अर्धा प्लॅन सुधारतो.

शुक्रवारी दुपारी पोहोचल्यावर जेवा, तासभर झोपा. आई सोबत असेल तर ही झोप प्लॅनमध्येच लिहा. संध्याकाळी बिर्ला मंदिर. टेकडीवर पांढरं संगमरवरी देऊळ, खाली हुसेनसागर पसरलेला. आत मोबाइल नेता येत नाही, बाहेर जमा करावा लागतो. म्हणून दोघी असाल तर भेटायची जागा आधीच ठरवा. मग तलावाकाठी. मधला बुद्धाचा पुतळा एकाच दगडातला, साधारण १८ मीटर उंच. १९९० मध्ये तो नेताना तराफा उलटला, माणसं गेली, पुतळा पाण्यात बुडाला. १९९२ मध्ये बाहेर काढून उभा केला. ही गोष्ट माहीत असली की त्या पुतळ्याकडे बघणं बदलतं. आणि २ ऑक्टोबरला ड्राय डे, मटणाची दुकानंही बंद असतात. बिर्याणी शनिवारवर ढकला.

शनिवार पूर्ण जुन्या शहराचा. मेट्रोनं एमजीबीएस स्टेशन. चारमिनारला थेट मेट्रो नाही, हे अनेकांना तिथे गेल्यावर कळतं. एमजीबीएसहून ऑटोनं सालारजंग, दहाला उघडतं. आत जाताना पूर्ण बघायचं नाही असं ठरवूनच जा, नाहीतर संध्याकाळपर्यंत बाहेर येणार नाही. बुरख्याआडची रिबेका बघा. इटालियन शिल्पकार बेंझोनीनं दगडात कोरलेला तो झिरझिरीत पदर बघताना हात लावून बघावासा वाटतो (लावू नका). मग बाराच्या आधी घड्याळासमोर जागा पकडा. दर तासाला त्यातला छोटा बाहुला बाहेर येऊन ठोके मारतो. बाराला सगळ्यात जास्त ठोके, म्हणून तेव्हाच सगळ्यात जास्त गर्दी. आयांना ते फार आवडतं, हा माझा अनुभव.

दुपारी बिर्याणी, मग चौमहल्ला. ऊन उतरल्यावर चारमिनार. मुहम्मद कुली कुतुबशहानं १५९१ मध्ये बांधलेला. वर जायच्या पायऱ्या अरुंद आणि उंच आहेत. गुडघे दुखत असतील तर वर नका चढू, खाली इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किट घ्या, लाड बाजारात बांगड्या बघा. काही चुकत नाही. पण बांगड्यांना पहिला सांगितलेला भाव देऊ नका, हे आपल्या गोल बाजारात तयार झालेल्यांना मी काय सांगू.

रविवारी सकाळी नऊला गोवळकोंडा. उशीर केलात तर ऊन मारतं. फतेह दरवाजाखाली टाळी वाजवली की वर बालाहिसारपर्यंत ऐकू जाते. शत्रू आल्याची वर्दी देण्याची ती सोय होती. वरपर्यंत साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत. आईला दरवाजाखाली सावलीत बसवा, तुम्ही वर जा, तिला टाळी वाजवायला सांगा. ऐकू येते का ते घरी गेल्यावर भांडून ठरवा. जवळच कुतुबशाही कबरी आहेत, मोठ्या बागेत, तिथे चढ नाही. गोवळकोंड्यालाही मेट्रो नाही. जाताना ॲपवरून गाडी किंवा सिटी बस. तेलंगणात महिलांना बस फुकट आहे ऐकून खूश होऊ नका, ती सवलत तिथल्या रहिवाशांना आहे. आपल्याला तिकीट पडतं.

रामोजी फिल्म सिटी? या वेळी सोडा. शहराबाहेर आहे, पूर्ण दिवस मागते, तिकीटही जड. चार दिवस असतील तर बघू. सोमवारी सुट्टी मिळाली तर झू सुद्धा नाही, बंद असतो. त्यापेक्षा लहान पोरं सोबत असतील तर शनिवारी चौमहल्ला कापून झू घ्या.

हॉटेलचं बुकिंग तिकीट कन्फर्म झाल्यावरच करा, किंवा पैसे परत मिळतील असंच घ्या. दोघींची आधार कार्डं मूळ प्रतीत ठेवा, मोबाइलमधल्या फोटोवर काही लॉजवाले वाद घालतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाऊस पूर्ण गेलेला नसतो. शनिवारी सकाळीच कोसळला तर म्युझियममध्ये दोन तास जास्त घाला आणि चौमहल्ला सोडून द्या, चारमिनार संध्याकाळी ओलं छान दिसतं.

रविवारी रात्री गाडी सुटण्याच्या दीड तास आधी हॉटेल सोडा. पहाटे बल्लारशाला उतराल तेव्हा ताडोबाचे पर्यटक उलट्या दिशेच्या गाडीची वाट बघत उभे असतील, कारण १ ऑक्टोबरला कोअर उघडतो आणि त्यांचाही लाँग वीकेंड तोच. चहा घ्या. चंद्रपूरहून गडचिरोलीची सकाळची एसटी मिळाली तर अकराच्या आत घरी, पण सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा मात्र आधीच टाकून ठेवा.