संजाणचा ताजिक अधिपती आणि भगवतीची मठिका

बोईसर म्हटलं की लोकांना एमआयडीसी आठवते, तारापूर म्हटलं की 1969 साली सुरू झालेलं अणुवीज केंद्र, आणि चिंचणी म्हटलं की रविवारी गाडी काढून गाठायचा किनारा. पण चिंचणीच्या नावावर आणखी एक ऐवज जमा आहे आणि तो ऐकून माणूस चाट पडतो. 1955 साली या गावात जुने ताम्रपट सापडले. त्यांत पाच दानपत्रं होती. पहिलं शके 848 चं, म्हणजे इ.स. 926 चं, आणि शेवटचं शके 975 चं. दिनेशचंद्र सरकार या जाणत्या पुराभिलेखतज्ज्ञांनी ती वाचली आणि ‘एपिग्राफिया इंडिका’च्या 32 व्या खंडात छापली. सव्वाशे वर्षं एका बंदरातली माणसं एकमेकांशी कशी वागत होती, याचा असा धागा आपल्याकडे क्वचितच हाती लागतो.

हे बंदर म्हणजे संजाण. आज ते गुजरातेत आहे, पश्चिम रेल्वेवर डहाणू रोड, घोलवड, उंबरगाव रोड मागे टाकलं की लागतं. तेव्हा मात्र सीमा वगैरे काही नव्हती. हा सगळा किनारा राष्ट्रकूटांच्या ताब्यात होता आणि त्यांची राजधानी होती मान्यखेट, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. इतक्या लांबून किनाऱ्यावर राज्य करायचं तर तिथे भरवशाचा माणूस हवा. इंद्र तिसरा या राजाच्या 926 च्या ताम्रपटात त्या माणसाचं नाव संस्कृतात कोरलंय: मधुमती. मधुमती म्हणजे मुहंमद! त्याचं दुसरं नाव सुगतिप, बापाचं नाव सहियारहार. हे ‘शहरियार’ असावं, असा तज्ज्ञांचा कयास आहे, म्हणजे घराण्याची मुळं इराणात असू शकतात. जात सांगितली आहे ताजिक. अरबस्तान-इराणकडून आलेल्या मुसलमानांना तेव्हाचे संस्कृत लेख याच नावाने ओळखत. इंद्राचा आजा कृष्ण दुसरा याने त्याला सगळं संजाण मंडल सोपवलं होतं.

इथे थोडं मागे जायला हवं. 739 सालचा नवसारीचा ताम्रपट याच ताजिकांच्या फौजेचा पराभव केल्याबद्दल चालुक्य सरदार पुलकेशीचे गोडवे गातो. नवसारी संजाणहून फार लांब नाही. दोनशे वर्षांच्या आत त्याच किनाऱ्यावर ताजिक माणूस दख्खनच्या राजाचा मंडलाधिपती होऊन बसला, हे घडलं कसं? याचं उत्तर बऱ्याच अंशी घोड्यात आणि जकातीत आहे. दख्खनमध्ये लढाऊ घोडा नीट पैदा होत नाही, तो समुद्रावरून आणावा लागतो. बंदराचा महसूल हवा तर परदेशी व्यापाऱ्याला तिथे सुखाने नांदता आलं पाहिजे. त्यातून राष्ट्रकूटांचे हाडवैरी उत्तरेतले प्रतिहार, आणि सिंधमधल्या अरबांचंही प्रतिहारांशी वाकडं. अरब प्रवासी राष्ट्रकूट राजाला ‘बल्हारा’ म्हणत आणि त्याच्याइतका मुसलमानांवर लोभ असलेला राजा हिंदुस्थानात दुसरा नाही, असं लिहून ठेवत. त्यांतलाच एक, मसूदी, हिजरी 304 मध्ये, म्हणजे इ.स. 916 च्या सुमारास, खाली चौलला आला होता. तिथे त्याला दहा हजारांवर मुसलमान वस्ती दिसली, आणि त्यांचे तंटे सोडवायला राजानेच नेमलेला त्यांच्यातलाच एक प्रमुखही दिसला.

आता मधुमतीने काय केलं ते बघा. आसपासच्या बंदरांचे ठाणेदार त्याने आपल्या धन्यासाठी जिंकून घेतले आणि तिथे आपले अधिकारी बसवले. हे कुठलाही सरदार करतो, त्यात नवल नाही. नवल पुढच्या ओळींत आहे. त्याने दोन प्रवाहांवर फुकट तर, म्हणजे पैलतीरी नेणारी होडी, सुरू केली, आणि संजाणात एक अन्नछत्र काढलं. छत्रात काय वाढायचं तेही कोरून ठेवलंय: शालीचा भात, कालवण आणि तूप. सगळं फुकट.

राजाची प्रशस्ती लिहिणारे कवी तांब्यावरही अतिशयोक्ती करायचे, शत्रूच्या राण्यांच्या अश्रूंचे समुद्र वाहवायचे. पण तर आणि भातावरचं तूप यांत अलंकाराला जागा नाही. पालघरच्या किनाऱ्यावर ज्याने प्रवास केलाय त्याला तरीचं मोल सांगायला नको. इथे दर काही कोसांवर खाडी आडवी येते. चिंचणी आणि तारापूर ही एकमेकांना खेटलेली गावं, तरी मध्ये खाडी आहेच. नावाड्याला द्यायला पैसा नसलेल्या माणसाला नदी ओलांडून बाजारात आणणं म्हणजे बंदर चालतं ठेवणं. पुण्य आणि व्यवहार एकाच होडीत बसलेत.

या ताम्रपटाचं मूळ कारण आणखी वेगळं आहे. अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने संजाणात भगवती देवीची एक मठिका, म्हणजे छोटा मठ, बांधली होती. मधुमतीचा मंत्री पुव्वैय हा त्याचा मित्र. अन्नैयाला देवीच्या नैवेद्यासाठी, मठिकेच्या डागडुजीसाठी आणि तिथल्या ब्राह्मणांच्या जेवणासाठी जमीन हवी होती. मधुमतीने राजाची अनुमती घेतली आणि कणाडुक नावाचं गाव, शिवाय देवीहर गावातली थोडी जमीन मठिकेला दिली. म्हणजे मुसलमान अधिकाऱ्याने, हिंदू राजाच्या संमतीने, देवीच्या मठिकेला गाव दिलं, आणि ते संस्कृतात कोरून घेतलं.

तांब्यावर का? तर ताम्रपट म्हणजे त्या काळचा सातबारा. ताडपत्र कुजतं, माणूस मरतो, राजा बदलतो. तांब्याचे पत्रे कडीत ओवून राजमुद्रेने बंद केले की पुढचा कुणीही अधिकारी ‘पुरावा दाखवा’ म्हणाला तर ते पुढे टाकायचे. मजकूर साचेबंद असतो: आधी राजाचं कुळ, मग दान काय आणि कुणाला, चतुःसीमा, आणि शेवटी दान हिरावणाऱ्याला शाप. माझ्या मते या साच्याबाहेर जे निसटतं, तेच खरं वाचण्यासारखं. तूप तसंच निसटलंय.

पुढची पानंही चविष्ट आहेत. नंतरचा राष्ट्रकूट राजा कृष्ण तिसरा याच्या काळातल्या पटात शेजाऱ्यांचं जागेवरून झालेलं भांडण आहे. मठिकेजवळच भिल्लमालदेवाचं देऊळ होतं. राजस्थानातल्या भीनमाळहून आलेल्या व्यापाऱ्यांचा हा देव. जागेवरून वाद झाला आणि मिटला तो असा, की मठिकेने देवाला दरवर्षी ठरावीक द्रम्म, म्हणजे नाणी, द्यावेत. हजार वर्षांपूर्वीचा हा समझोता आजच्या कुठल्याही हाऊसिंग सोसायटीला ओळखीचा वाटेल.

1034 सालच्या पटात राज्यकर्ते बदललेत. आता उत्तर कोकणात शिलाहारांची सत्ता आहे आणि त्यांचा सामंत चामुंडराज संजाण सांभाळतोय. मठिका मात्र तीच, आता ‘कौतुक मठिका’ म्हणून ओळखली जाणारी. तिला एक तेलाचा घाणा दान मिळतो. तेल कशासाठी? देवीपुढच्या दिव्यासाठी, आणि मठिकेत शिकणाऱ्यांच्या व आल्यागेल्या ब्राह्मणांच्या पायांना चोळायला. चालून चालून भेगाळलेल्या पायांना तेल लावायची तरतूद सरकारी दस्तात! या दानाची खबर ज्यांना दिली जाते त्यांत अल्लीय, महार, मधुमत अशी व्यापाऱ्यांची नावं आहेत, आणि ‘हंयमन’ही आहेत, म्हणजे पारशांची अंजुमन. देवीच्या दिव्याचं तेल कुठून येणार, हे मुसलमान आणि पारशी नागरिकांना रीतसर कळवलं जात होतं.

हे सगळं कागदोपत्रीच होतं असंही नाही. 2002 ते 2004 दरम्यान संजाणात उत्खनन झालं. त्यात पश्चिम आशियातली झिलईदार भांडी, चिनी पोर्सेलिन, काच आणि पारशांचा विटांचा दोखमा, म्हणजे मृतदेह ठेवायची जागा, मिळाला.

हे सगळे गोडीगुलाबीने राहत होते, असा निष्कर्ष मी काढणार नाही. जमिनीचा वाद समोरच आहे, आणि बंदरं जिंकताना मधुमतीने रक्त सांडलंच असेल. पण भांडण कुठे न्यायचं, कुणाला विचारायचं आणि मिटलं की ते कशावर कोरायचं, हे त्या गावाला पक्कं ठाऊक होतं. ही तयारी मला नुसत्या सलोख्यापेक्षा मोठी वाटते.

‘एपिग्राफिया इंडिका’ इंग्रजीत आहे आणि अभ्यासकांसाठी आहे. पालघर-बोईसरच्या एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने या पाच पटांचा सोप्या मराठीत अनुवाद करावा, आणि चिंचणी-तारापूरच्या शाळांनी तो मुलांच्या हाती द्यावा. पाच छोटे दस्त आहेत, एका सत्रात सहज होतील.